टाकीतली बातमी

मी सीटकव्हरं शिवते, मोटरसायकलींची. बाई मशीनवर बसलेली दिसली की लोक आत डोकावून विचारतात, "पडदे शिवता का?" नाही शिवत हो! बाहेर एवढी जाड अक्षरं रंगवून घेतलीत, त्यावर नजर टाकायला काय जातं? असो. माझं दुकान गल्लीच्या तोंडाशी, अगदी कोपऱ्यावर. आत जाणारं आणि बाहेर येणारं प्रत्येक चाक माझ्या समोरून जातं. त्यामुळे या गल्लीतलं मला माहीत नाही असं काही नाही, असं मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगायचे. आता जरा जपून सांगते.

माझ्यापासून तिसरं दार आरसेभाऊंचं. दार म्हणायचं आपलं. पत्र्याची शेड, एक नळ, पाणी वाहून जाईल असा उतरता ओटा आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेली फडकी. भाऊ बासष्ट वर्षांचे, काटकुळे, पँट कायम घोट्याच्या वर दोन घड्या मारलेली. गाडी सुरू होत नाही म्हणून कुणी आलं तर ऐकूनही घेत नाहीत. "गाडी चालते कशी ते मेकॅनिकनं बघावं, दिसते कशी ते मी बघतो." धुणं, पुसणं, टाकीला पॉलिश, सायलेन्सरवरचे डाग, चाकाच्या तारा, हँडलचे नट, अगदी नंबरप्लेटचे स्क्रूसुद्धा. चाळीस वर्षं हेच काम.

आणि त्यांचे नियम! उन्हातून आलेली गाडी आधी सावलीत निवू द्यायची, मग मालक कितीही नाचो. दोन बादल्या, एक साबणाची, एक फडकं खळबळायची. वरून खाली यायचं. चाकाचं फडकं टाकीला लागता कामा नये. फडकं हातातून जमिनीवर पडलं की त्या दिवसापुरतं ते बाद, कारण मातीचा एक कण टाकीवर फिरला की ओरखडा कायमचा. धुऊन झालं की भाऊ उजव्या हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालायचे आणि टाकीवरून बोटं फिरवायचे. मी एकदा करून बघितलं. नुसत्या बोटाला गुळगुळीत लागणारी टाकी पिशवीतल्या बोटाला चक्क खरखरीत लागते! असं का, ते मी त्यांना दहादा विचारलं असेल. ते म्हणायचे, "ताई, तुला शिवायचं काम नाही का आज?"

शेवटी पेपरची परीक्षा. टाकीची डावी बाजू झाली की ते त्या दिवसाचा पेपर तिच्यासमोर धरायचे आणि टाकीत उमटलेली मोठी बातमी वाचून दाखवायचे. उलटी अक्षरं! वेलांटी इकडची तिकडे, काना अक्षराच्या आधी, आणि भाऊ धडाधड वाचायचे. आपण सरळ वाचतो त्याहून जलद. बातमी वाचता आली तर डावी बाजू पास, मगच उजवीला हात. नाही आली तर पुन्हा पॉलिश. यावरूनच त्यांना आरसेभाऊ म्हणतात. गिऱ्हाईकं तर ही परीक्षा बघायलाच थांबायची.

आता माझ्याबद्दल. मला चौकशीची खोड आहे. घरचे भोचक म्हणतात, मी जिज्ञासू म्हणते. गेल्या दोनेक वर्षांत भाऊंच्या शेडमध्ये मला तीन गोष्टी खटकल्या होत्या, आणि तिन्हींचा मी माझ्यापुरता उलगडाही करून टाकला होता.

एक, त्यांच्या बाटल्यांना रबर बँड लागले. शाम्पूच्या बाटलीला एक, पॉलिशला दोन, मेणाला तीन. मी म्हटलं, वयानं माणूस हौशी झालाय.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकांची. गाडी घेऊन निघाले की माझ्या कोपऱ्यावर वळून, भाऊंच्या नजरेआड, थांबायचे. खाली उतरायचे, गाडीशी काहीतरी खुडबुड करायचे आणि जायचे. एक नाही, दोन नाही, जवळजवळ सगळेच. मी म्हटलं, पेट्रोल बघत असतील.

तिसरी गोष्ट मात्र मला फार आवडायची. रोज सकाळी भाऊ माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन म्हणायचे, "ताई, मोठी बातमी काय ती वाच गं. माझे हात ओले आहेत." मग मी ठसक्यात वाचायची. "पुलाचं काम पुन्हा रखडलं." ते म्हणायचे, "पुन्हा एकदा?" मी पुन्हा वाचायची. मान डोलावून, पेपर घेऊन जायचे. मला वाटायचं, माझं वाचन आवडतं हो या माणसाला. शाळेत एकदा वाचनात बक्षीस मिळालं होतं मला, ते भाऊंना मी सांगितलंही होतं. खोटं कशाला बोलू, त्या पायरीवरच्या दोन मिनिटांसाठी मी दहा मिनिटं लवकर दुकान उघडायला लागले होते.

तर, त्या दिवशी पोहणारी आली. पोहणारी म्हणजे गल्लीच्या पुढच्या तलावावर लोकांना पोहायला शिकवते ती. तिशीच्या आतबाहेरची, खांदे रुंद, आवाज असा की तलावाच्या या टोकावरून त्या टोकाला पोचावा. तिनं नवी मोटरसायकल घेतली होती, पहिली, स्वतःच्या हिमतीवर. मी कव्हराचं माप घ्यायला बोलावलं होतं, तर म्हणाली, "मावशी, आधी धुऊन घेते, चिखल उडालाय. तुम्ही माप नंतर घ्या." गाडी भाऊंच्या ओट्यावर लावून ती तलावावर गेली.

गाडी काळी होती, पण मॅट काळी. तुम्ही बघितली असेल, हल्ली निघालीये. मुद्दामच चमक नसलेला रंग देतात. दिसायला धूळ बसल्यासारखी, आणि तीच तिची ऐट. अशा गाडीला पॉलिश लावायचं नसतं, नुसती धुवायची आणि टिपून घ्यायची. हे भाऊंनीच मला सांगितलं होतं, मागे एकदा, अशा गाड्या नुकत्या यायला लागल्या तेव्हा. "एकदा घासली की गेली. चकाकते तिथे चकाकते, परत मॅट होत नाही," असं म्हणाले होते.

अडीच तासांनी पोहणारी परत आली, तेव्हा मीही टेप घेऊन तिच्यामागे गेले. भाऊ घामाघूम झाले होते. म्हणाले, "बाळा, फार खराब झाली होती गं. धूळ अगदी रंगात मुरलेली. घासून घासून खांदा गेला, पण डावी बाजू आणली बघ वर."

आम्ही बघितलं. टाकीच्या डाव्या बाजूला तळहाताएवढाले चकाकते डाग, मध्येमध्ये ढगासारखं मळकट, कडेला मूळचा काळा रंग. रडवेलं ध्यान नुसतं! पोहणारीचं तोंड उघडलं ते मिटेचना.

आणि भाऊंनी पेपर उचलला. टाकीसमोर धरला, मान तिरकी केली आणि खणखणीत आवाजात वाचलं, "शाळांच्या वेळा बदलणार, पालक नाराज." हसून म्हणाले, "पास!"

टाकीत एक अक्षर नव्हतं. पेपराच्या जागी एक पांढुरका पट्टा दिसत होता, बस. त्यात काना नाही, मात्रा नाही. ती बातमी मी सकाळी पायरीवर वाचली होती, दोनदा, ठसक्यात.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाटल्यांचे रबर बँड, ओले हात, "पुन्हा एकदा वाच". कपाळ माझं! दोन वर्षं मी त्या माणसाला परीक्षेची उत्तरं पुरवत होते आणि वर बक्षिसाच्या गप्पा मारत होते.

"भाऊ," मी म्हटलं, "मी किती बोटं धरलीत?"

त्यांनी पेपराची घडी घातली, ती चार वेळा नीट केली. मग ओट्यावर बसले आणि पोहणारीला म्हणाले, "काय केलं मी गाडीचं? खरं सांग."

तिनं खरं सांगितलं. ओरडली नाही, पण लपवलंही नाही. "काका, मॅट होती. आता डाग पडलेत."

"मॅट," भाऊ म्हणाले. "अरे देवा." त्यांनी हातातली पिशवी काढून टाकली. "बोटाला लागत होतं काहीतरी वेगळं. मला वाटलं, मळ."

मी तणतणत बाहेर आले. राग कुणावर होता, कळत नव्हतं. कोपऱ्यावर पाववाल्यानं गाडी थांबवली होती. सकाळीच धुऊन घेतलेली. तो खिशातून दात घासायचा जुना ब्रश काढून ब्रेकच्या लिव्हरभोवती खरडत होता. वाळलेलं पॉलिश, पांढरं, सांदीत अडकलेलं.

"हे काय चाललंय?" मी गरजले.

तो दचकला. "काही नाही ताई. राहतं थोडं. काकांना आता दिसत नाही ना तेवढं."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणून तर इथे येऊन पुसतो, त्यांच्यासमोर कशाला? तुम्हाला नव्हतं माहीत?" आणि त्यानं माझ्याकडे अशा काही नजरेनं बघितलं की मला तिथल्या तिथे गडप व्हावंसं वाटलं. ज्या बाईला गल्लीतल्या मांजरीचं कितवं बाळंतपण ते ठाऊक, तिला एवढंच नेमकं ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी भाऊंच्या घरी गेले. वहिनी दारातच म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणतात अर्ध्या तासाचं काम. दोन वर्षं मागे लागलेय मी. हे ढिम्म." भाऊ आत खुर्चीत बसले होते. मी समजावलं, दटावलं, हातसुद्धा जोडले.

"भीती वाटते का सुईची?" मी विचारलं.

"सुईची कसली भीती?" ते म्हणाले. "ताई, ऑपरेशन झालं की स्वच्छ दिसेल. बरोबर? मग पहिली गाडी दारात येईल, ती मीच धुतलेली असेल. दोन वर्षांतल्या सगळ्या मीच धुतल्यात. त्यांचं काय करून ठेवलंय ते मला दिसेल. आत्ता कसं, दिसत नाही म्हणजे चांगलंच झालं असेल, असं धरून चालता येतं."

आणि इथे मी घाण केली. त्यांना बरं वाटावं म्हणून सांगून टाकलं, की भाऊ, लोकांना सगळं माहीत आहे, कोपऱ्यावर थांबून सगळे पुसून घेतात आणि तरी तुमच्याकडेच येतात, एवढा जीव आहे त्यांचा. मला वाटलं, ऐकून डोळ्यांत पाणी येईल. पाणी नाही आलं. माणूस ताडकन उठला.

"म्हणजे दोन वर्षं मी धुतोय आणि लोक माझ्यामागे धुतायत? मग मी कशाला धुतोय?"

त्या दिवशी शेडला कुलूप लागलं. आठवडा झाला तरी उघडलं नाही. पाववाला माझ्याकडे असा बघायचा की जणू मीच कुलूप घातलंय, आणि तसं ते मीच घातलं होतं. सकाळी दहा मिनिटं लवकर येऊन मी पेपर उघडायची आणि मिटायची. मोठ्यानं वाचायला कुणी नव्हतं. मला फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मी मशीन जोरात चालवते. त्या आठवड्यात दोन सुया मोडल्या.

पोहणारी कव्हर घ्यायला आली तेव्हा मी म्हटलं, "टाकी कुठे दुसरीकडे रंगवून घे बाई, कशी दिसतेय ती."

"नाही," ती म्हणाली. "डावी बाजू त्यांनी सुरू केलीये, पुरी तेच करतील. उजवी पण." आणि गाडी वळवून थेट भाऊंच्या घरी. मी कव्हर तिथेच टाकून मागे. राहवतंय कुणाला!

तिनं दारातूनच आवाज दिला. "काका, टाकी परत मॅट होणार नाही ना?"

"नाही होणार," आतून आवाज आला. "रंगवून घे. माझ्या नावानं."

"मला रंगवायची नाही. मॅट होत नसेल तर सगळी चकाकवा. होईल का?"

मग भाऊ दारात आले. कामाचा प्रश्न होता, राहवेना त्यांनाही. "पाण्यातल्या बारीक सँडपेपरनं घासून, मग पॉलिश. पूर्ण आरसा नाही होणार कधी. मोठी अक्षरं उमटतील एवढं होईल. पण डोळे हवेत त्याला. रंग किती उरलाय ते बघत बघत जावं लागतं."

"मग डोळे करून घ्या. मी थांबते."

"आणि तोवर?"

"तोवर अशीच फिरवणार. डागांसकट. कुणी विचारलं, हे कुणी केलं, तर सांगणार की आरसेभाऊंनी, काम अर्धं आहे. मी कोपऱ्यावर थांबून पुसणारी नाही, काका."

बाई गं! मला वाटलं, आता हे तिला हाकलून देणार. पण भाऊंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांना राग आला होता, खराखुरा, कामाचा. "अर्धी गाडी माझ्या नावानं गावभर फिरवणार?" ते म्हणाले.

"दिवसातून चार फेऱ्या," ती म्हणाली.

तिनं शब्द पाळला. रोज चारदा त्यांच्या घरासमोरून जायची, आणि नेमकं तिथे गाडी हळू करायची. त्यांना डाग दिसत नसत, पण आवाज ओळखायचे. वहिनी सांगत होत्या, आवाज आला की हातातला कप खाली ठेवायचे. लोक विचारायला लागले, काका, ती काळी गाडी तुमच्याकडचीच का हो? मी एकदा तिला म्हटलं, जरा दयामाया आहे की नाही? ती म्हणाली, "मावशी, माझ्याकडे पन्नाशीचे लोक येतात, पाण्याला घाबरणारे. घरच्यांनी वर्षानुवर्षं सांगितलेलं असतं, नको तर नको. मी त्यांना सांगते, मी पाण्यात उभी आहे, तुम्ही या. आणि मी बाहेर येत नाही." मला गप्प बसवणारी माणसं थोडी आहेत.

सतराव्या दिवशी भाऊ माझ्या पायरीवर आले. "ताई, दवाखान्यात येतेस का उद्या? तुझ्या वहिनीला सही करताना घाम फुटतो."

आधी एक डोळा, मग दुसरा. धूळ नाही, पाणी नाही, वाकायचं नाही, असा सगळा मिळून दोन-अडीच महिने सक्त पहारा. वहिनी डोळ्यांत थेंब घालायच्या, मी शिवणकाम घेऊन तिथेच बसायची. पहारा उठून शेडचं कुलूप निघाल्यावर त्यांनी पहिली गाडी बघितली ती पाववाल्याची. तोच घेऊन आला होता. भाऊंनी इंडिकेटरच्या सांदीतलं पांढरं नखानं काढलं, टाकीवरचे गोल गोल ओरखडे तिरक्या उजेडात बघितले. खूप वेळ बघितले. मग म्हणाले, "ही सोमवारी आण. आणि तो ब्रश दे इकडे." पाववाल्यानं ब्रश दिला. भाऊंनी तो शेडमधल्या खिळ्याला टांगला, फडक्यांच्या शेजारी. अजून तिथेच आहे.

मग काळ्या गाडीचा दिवस. पोहणारीनं तलावावर सुट्टी टाकली होती. भाऊंनी बाटल्यांचे रबर बँड काढून माझ्याकडे दिले, तुला लागतील म्हणाले. सकाळी नवाला सुरुवात केली. पाणी सोडत सोडत बारीक सँडपेपर, हळू, सरळ रेषेत, मग पॉलिश, मग पुन्हा. दर थोड्या वेळानं मान तिरकी करून बघायचे. चार वाजता म्हणाले, "पेपर."

मी पेपर आणला. आता सांगते, त्या सकाळी ते पायरीवर आले होते, सवयीनं. म्हणाले, मोठी बातमी काय? मी म्हटलं, "मला वेळ नाही, सुई अडकलीये." सुईबिई काही अडकली नव्हती. पेपर मी गादीखाली दाबून ठेवला होता.

त्यांनी पेपर टाकीच्या डाव्या बाजूसमोर धरला. मी आणि पोहणारी मागे उभ्या. टाकीत अक्षरं होती, जरा धूसर, पण होती. भाऊ वाकले. जवळ गेले, मागे आले.

"प्रा... णि..." ते थांबले. "प्राणिसंग्रा... सं-ग्र-हा-लयात."

त्यांचं ते धडाधड वाचन गेलं होतं. दोन वर्षांत सवय मोडली होती. पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर जुळवत होते, ओठ हलवत, कपाळाला आठ्या. पोहणारीनं माझा हात पकडला, आणि तिची पकड काय सांगू, दोन दिवस मनगट दुखत होतं.

"पा... ण... घो..." भाऊ थांबले. पुन्हा वाचलं. "पाणघो? पाणघोड्याला?" त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, सरळ माझ्या डोळ्यांत. "हे काय छापलंय? मोठी बातमी आहे का ही?"

मी मान हलवली.

ते पुन्हा टाकीकडे वळले आणि शेवटचा शब्द लावला. "पिल्लू." मग सरळ उभे राहिले, कमरेवर हात ठेवून हसले. हसता हसता त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"ताई, अगं रडतेस काय?" ते म्हणाले. "पाणघोड्याला पिल्लू झालंय!"